सूर्य मावळेल तेव्हा गाडी कुठे असेल?

पुण्या-मुंबईहून स्वतःच्या गाडीने जैसलमेरला जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "जवळचा रस्ता कुठला?" नकाशा लगेच उत्तर देतो: बाडमेरवरून. आणि बरेचजण तिथेच थांबतात. पण वाळवंटात किलोमीटर हे दुय्यम मोजमाप आहे. कोणत्या वेळी कोणत्या पट्ट्यात असणार, ऊन कुठल्या काचेतून येणार आणि दिवस मावळताना गाडी गावात असेल की उघड्या माळावर, याचा हिशेब आधी मांडायचा आणि मग त्यात बसणारा रस्ता घ्यायचा. थरच्या वाळवंटातल्या प्रवासाचं नियोजन मी संध्याकाळपासून सुरू करावं या मताचा आहे, पहाटेपासून नव्हे.

अहमदाबादपर्यंत निवडीला फारसा वाव नाही. मुंबईपासून सुमारे ५२५ किलोमीटर, सगळा राष्ट्रीय महामार्ग ४८. पुणेकरांनी त्यात आणखी दीडशे धरावेत. घोडबंदर ते मनोर हा तुकडा दिवसा किती वेळ खाईल याचा भरवसा नसतो, म्हणून ठाणे पहाटे पाचच्या आत मागे टाकायचं. भरूच ते वडोदरा २०२४पासून नव्या दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाने जाता येतं आणि पुढे वडोदरा-अहमदाबाद द्रुतगती मार्गाचे ९३ किलोमीटर. या मार्गांवर दुचाकींना बंदी आहे, तेव्हा बुलेटवाल्यांनी जुन्या आणंद-नडियाद रस्त्याचा वेळ धरून चालावं. गुजरातेत दारूबंदी आहे आणि राजस्थानात न्यायला म्हणून डिकीत ठेवलेली बाटलीही गुन्हाच ठरते. सीमेवरच्या नाक्यांवर तपासणी होते. नेऊच नका.

अहमदाबाद शहरात शिरायचं नाही. सरदार पटेल रिंग रोडने अडालजला निघायचं. शक्य असेल तर पहिला मुक्काम शहरात न करता ७५ किलोमीटर पुढे मेहसाण्याला करावा. दुसऱ्या दिवशीचा सव्वा तास वाचतो, आणि हाच सव्वा तास पुढे संध्याकाळी उपयोगी पडतो. खानदेश, मराठवाडा आणि विदर्भातल्या लोकांनी मात्र अहमदाबादचा हट्ट धरू नये. धुळे, सेंधवा, इंदूर परिसर, मग रतलाम-मंदसौर-नीमचवरून चित्तोडगढ आणि तिथून उदयपूर किंवा पाली, हा रस्ता त्यांना सोयीचा. नीमच ते चित्तोड रस्ताही चांगला आहे.

खरा फाटा मेहसाण्यानंतर येतो. उजवीकडचा विचार म्हणजे पालनपूर, अमीरगढ, आबू रोड, पिंडवाडा, सिरोही, सुमेरपूर, पाली आणि जोधपूर. अहमदाबादपासून साधारण साडेचारशे किलोमीटर. तिथून बालेसर, देचू, पोखरणवरून जैसलमेर आणखी २८०. डावीकडचा विचार म्हणजे डीसा, धानेरा, सांचोर, मग राष्ट्रीय महामार्ग ६८ने धोरीमन्ना, बाडमेर, शिव, देवीकोट आणि जैसलमेर. अहमदाबादपासून सगळे मिळून सुमारे ५३५. म्हणजे जवळजवळ दोनशे किलोमीटरचा फरक. कागदावर हा सामना एकतर्फी दिसतो.

रस्ते विचारताना एक घोळ होतो, तो आत्ताच सांगून टाकतो. २०१०मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले. पठाणकोटपासून बिकानेर, जैसलमेर, बाडमेर करत कच्छकडे उतरणारा जुना १५ क्रमांक आता तुकड्यातुकड्यांनी ६२, ११, ६८ असा विखुरला आहे. ढाब्यावरचा जुना ट्रकवाला अजून "पंधरा नंबर" म्हणतो. नकाशा पाहून क्रमांक विचारण्यापेक्षा पुढच्या गावाचं नाव विचारावं.

बाडमेरच्या रस्त्याचं गणित असं आहे. मेहसाण्याहून सकाळी सहाला निघालं तर सांचोर साडेनऊच्या आसपास. सांचोर-बाडमेर सुमारे १४०, बाडमेर-जैसलमेर सुमारे १५५. चहा, जेवण, डायव्हर्जन, रस्त्यात बसलेली गुरं, सगळं धरून जैसलमेरला दुपारी साडेतीन-चार. डिसेंबरात तिथे सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो. म्हणजे हाताशी दोन तासांची शिल्लक आहे. एक पंक्चर आणि थोडा लांबलेला जेवणाचा थांबा ती शिल्लक पुसून टाकतात. अहमदाबादहून आठला "आरामात" निघणाऱ्यांची संध्याकाळ शिव आणि देवीकोटच्या मध्ये होते, आणि नेमका तोच पट्टा अंधारात टाळण्यासारखा आहे. वस्ती विरळ, गाड्या थोड्या, गुरं आणि उंट भरपूर.

जोधपूरच्या रस्त्यात ही चिंता नाही. दुसऱ्या दिवशी मेहसाण्याहून सुमारे पावणेचारशे किलोमीटर चौपदरी, संध्याकाळ जोधपुरात. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला निघून दुपारी एक-दीडला जैसलमेर. एक मुक्काम वाढतो, पण प्रत्येक दिवशी हातात तीन-चार तास उरतात. सोबत लहान मुलं किंवा आई-वडील असतील किंवा गाडी चालवणारा एकच असेल, तर मी दुसरा विचार न करता जोधपूर म्हणेन. गाडी चालवणारे दोघे असतील, भल्या पहाटे निघण्याची शिस्त असेल, तर बाडमेर. कारण वाळवंट हळूहळू कसं उलगडतं ते याच रस्त्यावर दिसतं. सांचोरच्या आसपास शेतं, पुढे गांधवजवळ लुणी नदीचं रुंद पात्र, मग खेजडीची, म्हणजे आपल्या शमीची, एकेकटी झाडं, धोरीमन्न्यानंतर रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाळूचे धोरे, म्हणजे टेकड्या, आणि देवीकोट ओलांडलं की वाळू मागे पडून पिवळ्या दगडाचं पठार. जैसलमेर शहर वाळूत नाही, खडकावर आहे, हे या बाजूने आलं की आपोआप कळतं. शहराच्या अलीकडे १७ किलोमीटरवर आकलचं जीवाश्म उद्यान आहे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे तिथे पडून आहेत. तासाभराचा थांबा, अजिबात चुकवू नये.

आता अमृतसर-जामनगर द्रुतगती मार्गाबद्दल, कारण हल्ली प्रत्येकजण त्याचं नाव घेतो. राजस्थानातला सुमारे पाचशे किलोमीटरचा सहापदरी भाग जुलै २०२३मध्ये खुला झाला. तो सांचोरच्या बाजूने वर सरकत जोधपूरच्या पश्चिमेकडून बिकानेर, हनुमानगढकडे जातो. थेट बिकानेर गाठायचं असेल तर त्याला तोड नाही. जैसलमेरसाठी मात्र तो अर्धाच उपयोगी आहे, कारण तो बाडमेर आणि जैसलमेर दोन्ही बाजूला ठेवून जातो. जोधपूर-पोखरण रस्त्याला तो छेदतो तिथे उतरून पश्चिमेला वळता येतं आणि जोधपूर शहराची गर्दी टळते. अंतर बाडमेरपेक्षा जास्त, पण चालवायला सोपं. दोन गोष्टी सांभाळायच्या. आत शिरण्याआधी टाकी फुल करायची, कारण पंप आणि ढाबे फार थोडे. आणि उतरायची जागा आधी पाहून ठेवायची, ती हुकली तर पुढची बरीच लांब असते. शिवाय सहापदरी, सरळ, मोकळा रस्ता डोळ्यांवर झापड आणतो. तिथे दर दीड तासाने गाडी थांबवणं हा माझ्या मते नियमच असावा.

टोलचा मुद्दा छोटा आहे. १५ ऑगस्ट २०२५पासून खासगी कारसाठी फास्टॅगचा ३,००० रुपयांचा वार्षिक पास निघाला, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, राज्य महामार्गांच्या नाक्यांवर नाही. म्हणून फास्टॅगच्या खात्यात वेगळे पैसे हवेतच.

उन्हाच्या दिशेचा विचार फारसं कोणी करत नाही, आणि तो तर सर्वांत सोपा. पोखरण ते जैसलमेर रस्ता जवळजवळ थेट पश्चिमेला जातो. हिवाळ्यात दुपारी साडेतीननंतर सूर्य समोरच्या काचेत येतो आणि सनव्हायजरच्या खाली उतरतो. काचेवर धुळीचा पातळ थर असला की समोरचं सगळं पांढरट होतं, आणि डांबरावर बसलेली गाय पन्नास मीटरवर येईपर्यंत दिसत नाही. बाडमेर-जैसलमेर रस्ता उत्तरेला जातो, म्हणून तिथे दुपारचं ऊन डाव्या खिडकीतून येतं. त्रास होतो तो शेजारच्या प्रवाशाला, चालवणाऱ्याला नाही. म्हणून जोधपूरकडून येणाऱ्यांनी पोखरण दुपारी बारापर्यंत ओलांडावं. परतताना हेच उलटं होतं: जैसलमेरहून सकाळी साडेसातला पूर्वेकडे निघालात की सूर्य पुन्हा डोळ्यांसमोर. नाश्ता करून नऊनंतर निघा. वॉशरच्या टाकीत पाणी भरलेलं हवं, वायपरचं रबर नवं हवं. धूळ बसलेल्या काचेवर कोरडा वायपर कधीही फिरवू नका, काचेवर कायमचे ओरखडे पडतात.

अंधाराबद्दल मी थोडा जास्त बोलणार आहे. थरमध्ये रात्री गाडी चालवू नका असं सगळे सांगतात, पण का ते सांगत नाहीत. गाडीचा डिपर, म्हणजे दिव्याचा खालचा झोत, रस्त्यावर साधारण चाळीस-पन्नास मीटर उजेड टाकतो. ताशी ८० वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तरी ३३ मीटर गेले, आणि कोरड्या डांबरावर थांबायला आणखी ३५-३६. एकूण जवळजवळ ७० मीटर. म्हणजे आपण आपल्याच उजेडाच्या पुढे धावत असतो. ६०वर हाच आकडा ४५च्या आसपास येतो, म्हणून अंधार पडल्यावर साठची मर्यादा ही भित्रेपणाची नव्हे, हिशेबाची आहे.

त्यात उंटाची गोष्ट वेगळी आहे. गाय-म्हशीचे डोळे दिव्याच्या उंचीवर असतात आणि चमकतात. उंटाचं डोकं डिपरच्या झोताच्या बरंच वर असतं. खाली दिसतात ते चार लांब पाय, वाळूच्याच रंगाचे. धडक बसली तर पाय बॉनेटखाली जातात आणि चारशे-पाचशे किलोंचं धड थेट काचेवर, छतावर येतं. तिथे एअरबॅगही फारशी मदत करत नाही. उंट कळपाने चरतात, तेव्हा एक रस्ता ओलांडून गेला म्हणजे संपलं असं समजायचं नाही. मागचे येतातच. पहिला दिसला की वेग वीसवर आणा, हॉर्न वाजवून घाबरवू नका, बिचकलेला उंट कुठेही वळतो. नीलगाय उलट अचानक झेप घेते, आणि शेताच्या बाजूला, म्हणजे सांचोर-धोरीमन्ना पट्ट्यात, तीच जास्त आढळते.

वाळूत गाडी रुतते ती बहुतेकदा धोऱ्यावर नाही, रस्त्याच्या कडेला. सीमेकडचे रस्ते अरुंद आहेत. समोरून लष्कराचा ट्रक आला की बाजू द्यावी लागते, डावी चाकं डांबराखाली उतरतात, घाबरून ब्रेक मारला जातो आणि गाडी बसते. बाजू देताना वेग आधीच कमी करा, दोनच चाकं खाली घ्या, आणि थांबायचं असेल तर कडक जमीन किंवा दगड-मुरूम दिसेल तिथे थांबा. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबू नका. चाक जागेवर फिरलं की खड्डा करतं, आणि दोन मिनिटांत चेसिस वाळूवर टेकतं. एकदा टेकलं की ट्रॅक्टरशिवाय सुटका नाही. त्याऐवजी स्टिअरिंग सरळ करा, चारही चाकांच्या पुढची-मागची वाळू हाताने किंवा छोट्या फावड्याने काढा, हवा ३३वरून १८ पीएसआयपर्यंत उतरवा, ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते त्यांच्याखाली पायपुसण्या उलट्या करून घाला. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा. आणि पुढे जाण्याआधी मागे या, आपल्याच चाकोरीवरून, कारण ती वाळू दाबली गेलेली असते. बाहेर पडल्यावर हवा पुन्हा भरेपर्यंत तीस-चाळीसच्या वर जाऊ नका. त्यासाठी १२ व्होल्टचा कंप्रेसर जवळ हवा, आणि तो इंजिन चालू ठेवूनच वापरायचा.

डांबरावर पसरलेली वाळू हा आणखी एक धोका. धोरा कापून रस्ता काढलेला असतो तिथे वारा सुटला की तासाभरात पातळ थर साचतो. त्यावर ब्रेक मारला तर एबीएस असूनही गाडी लांबवर सरकते. थर दिसला की त्याच्या अलीकडेच वेग उतरवा, आणि थरावर ना ब्रेक, ना स्टिअरिंगला झटका. एप्रिल ते जूनमध्ये आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, येते तेव्हा क्षितिजावर मातकट भिंत उठलेली आधीच दिसते. रस्त्यावरून पूर्ण खाली उतरून थांबा. पूर्ण खाली उतरल्यावर दिवे, पार्किंगचे दिवेसुद्धा बंद करा आणि ब्रेकवरून पाय काढा. हे विचित्र वाटतं, पण धुळीत मागून येणारा चालक पुढच्या लाल दिव्याला रस्ता समजून त्याच्या मागे येतो.

टायरची हवा पहाटे, गाडी थंड असताना तपासायची. चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा. पाच माणसं आणि सामान असेल तर दुसरा. तापमान दर साडेपाच अंशांनी वाढलं की हवा साधारण एक पीएसआय वाढते, आणि चालून तापल्यावर चार-पाच पीएसआय वाढणं नेहमीचं आहे. दुपारी पंपावर "हवा जास्त आहे" म्हणून उतरवली जाते आणि तिथेच चूक होते. कमी हवेचा टायर बाजूंनी जास्त दुमडतो, प्रत्येक फेऱ्यात तापतो आणि लांब सिमेंटच्या पट्ट्यावर फुटतो. टायरच्या अंगावर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. सहा वर्षांपेक्षा जुना टायर, नक्षी चांगली असली तरी, या प्रवासाला नेऊ नये. स्टेपनीची हवाही तपासा, ती सगळेच विसरतात.

पाणी माणशी रोज पाच लिटर, त्याखेरीज एक पाच लिटरचा कॅन गाडीसाठी. कूलंट पुरेसं असेल तर तो उघडावा लागणार नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र अर्धा तास उघडायचं नाही. सीएनजी गुजरातेत जागोजागी मिळतो, जैसलमेरच्या बाजूला त्यावर विसंबू नका, पेट्रोलची टाकी भरलेली ठेवा.

मोसमाचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं आणि फलोदी याच रस्त्यांच्या शेजारी आहे. पावसाळ्यात वाळवंट कोरडं असतं या भ्रमात राहू नये. ऑगस्ट २००६मध्ये बाडमेरजवळचं कवास गाव पुरात बुडालं, आणि जमिनीखालच्या जिप्समच्या थरामुळे पाणी मुरेना, कित्येक दिवस तसंच साचून राहिलं. भाद्रपदात जोधपूर-पोखरण रस्त्यावर रामदेवऱ्याच्या यात्रेकरूंची रीघ लागते. शुद्ध द्वितीयेपासून जत्रा आणि त्याआधीपासून पायी चालणारे जत्थे, अगदी आषाढी वारीत दिवेघाटात असते तशी गर्दी. त्या दिवसांत जायचंच असेल तर बाडमेरचा रस्ता घ्या. माघ पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरचा मरू महोत्सव असतो, तेव्हा खोली आधी ठरवा.

जैसलमेरहून समचे वाळूचे धोरे सुमारे ४० किलोमीटर. सगळे सूर्यास्ताला जातात आणि सगळे एकाच वेळी अंधारात परततात, तेही उंटांच्या गावांमधून. तिथेच मुक्काम करणं उत्तम. हा परिसर मरू राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, सोलापूरच्या नान्नजला ज्याची वाट पाहिली जाते तो माळढोक पक्षी इथे अजून टिकून आहे. हॉर्न कमी वाजवा. सीमेजवळचं तनोट जैसलमेरहून सुमारे १२० किलोमीटर. रामगढला टाकी भरून घ्या, सकाळी निघा, जाताना तनोट आणि येताना लोंगेवाला करून चारपर्यंत परत या. लोंगेवाल्याला डिसेंबर १९७१च्या लढाईतले रणगाडे पाहायला मिळतात. तनोटच्या पुढे सीमेच्या खांबापर्यंत जायला परवानगी लागते, ओळखपत्र सगळ्यांचं हवं. परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक सोबत असतील तर जुन्या १५ क्रमांकाच्या महामार्गाच्या पश्चिमेचा बराचसा भाग त्यांच्यासाठी संरक्षित क्षेत्रात येतो. परवान्याची चौकशी घरून निघण्याआधीच करावी.

गेलात बाडमेरवरून तर परत जोधपूरवरून या. थकल्या अंगाने चालवायला जोधपूरनंतरचा चौपदरी रस्ता बरा, आणि वाटेत पोखरण, लाठी, खेतोलई ही गावंही पाहून होतात. बिकानेरवरून परतायचा विचार असेल तर डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या धुक्याचा अंदाज घ्या. इंदिरा गांधी कालव्याच्या पाण्याने उत्तरेकडची जमीन ओली झाली आहे, आणि श्रीगंगानगर-हनुमानगढ पट्ट्यात दहा-दहा वाजेपर्यंत धुकं हटत नाही. घरी पोचल्यावर एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर काढून झटका, गाडीचा तळ प्रेशरने धुऊन घ्या, आणि दारांच्या खालच्या कडेची पाणी जायची छिद्रं काडीने मोकळी करा. वाळूने बुजली असतील तर पुढच्या पावसाळ्यात दारं आतून गंजतात.